ओल्या हाताचा सौदा

घोडेगावच्या बाजारात आमच्या मामांच्या दावणीच्या ओळीत अजूनही म्हशीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, एकाच्या खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर पडतं आणि त्याखाली बोटांनी बोलणं सुरू होतं. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन, अख्खा पंजा धरला तर पाच. भोवती माणसांचं कडं असतं, पण भाव दोघांतच राहतो. चेहरे असे ठेवायचे की जणू दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारतायत.

मी या धंद्यात हौसेनं आलो. राहुरीला शेतीची पदविका केली, एका खताच्या कंपनीसाठी काही महिने मोटरसायकलवर गावं पालथी घातली, पण जीव रमला नाही. लहानपणापासूनच्या सगळ्या सुट्ट्या मामांच्या गोठ्यात गेलेल्या. म्हैस नुसती चालताना मागून पाहिली तरी तिचं वेत कितवं, म्हणजे ती किती वेळा व्यालीय, कास कशी भरेल, धारेला लाथ मारील की उभी राहील, हे मी सांगायचो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. मामा चारचौघांत माझं कौतुक करायचे नाहीत, पण म्हैस घ्यायच्या आधी हळूच माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली तरच पुढं जायचे. त्यामुळे या बाजारात आपला जम बसणार याबद्दल मला शंका नव्हती.

अडचण एकच होती, माझे तळहात.

त्यांना घाम यायचा. उन्हाळ्यात सगळ्यांनाच येतो, तसा नाही. डिसेंबरात स्वेटर घालून बसलो तरी तळव्यावर थेंब उभे राहायचे, बोटांच्या बेचक्यांतून ओघळायचे. शाळेत उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल धरून लिहायचो. नाही धरला तर शाई पसरायची आणि कागद लोण्यासारखा मऊ व्हायचा. आईनं तुरटी चोळून पाहिली, शेजारच्या बायकांनी "अंगात उष्णता हाय पोराच्या" म्हणून सब्जाचं पाणी पाजलं. शिंगणापूरला तेल वाहून झालं. काही फरक पडला नाही, तेव्हा आईनं आणि मीही तो विषय सोडून दिला. उंच माणसाला दाराच्या चौकटीखाली वाकायची सवय होते, तशी मला हात पँटला पुसायची सवय झाली.

मामांनी मला पहिला सौदा करायला पुढं केलं, तो दिवस मला नीट आठवतो. दुसऱ्या वेताची जाफराबादी म्हैस होती, ताजी व्यालेली, पायाशी रेडकू. घेणारे गंगापूरकडचे एक म्हातारे व्यापारी होते. पांढरी मिशी, पायात जाड वहाणा, बाजारात सगळे त्यांना मान द्यायचे. मी म्हशीभोवती त्यांना फिरवलं, चारही सडांची धार दाखवली. त्यांना जनावर पसंत पडलं हे मला दिसत होतं. त्यांनी उपरणं पसरलं आणि माझा हात धरला.

धरला आणि लगेच सोडला. उपरण्याखालून हात काढून त्यांनी धोतराला पुसला.

"का रं लेकरा, भ्यालास का?"

"नाही बाबा."

"मग हात कामून वलाचिंब?"

भोवतीचे हसले. मीही हसलो, कारण मी खरंच भ्यालो नव्हतो. जनावर अस्सल होतं, माझा भाव मनात पक्का होता. पण पुन्हा हात धरल्यावर त्यांनी जो आकडा दाबला तो ऐकण्याजोगाही नव्हता. मी वर गेलो, ते हलले नाहीत. माझ्या हातानं त्यांना आधीच सांगून टाकलं होतं की या पोराला विकायची घाई आहे. शेवटी मामा पुढं आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं आणि तो सौदा स्वतः केला.

दुपारी चहा पिताना मामा म्हणाले, "मला ठाव हाय, तू भीत न्हाईस."

"मग झालं तर."

"काय झालं? मला ठाव असून काय उपेग? समोरच्याला कळाया पायजे. हितं तोंडाला कुलूप असतं गड्या. हातच बोलतो. आन तुजा हात भलतंच बोलतो."

त्यानंतर मी बरेच उपाय केले. सौद्याआधी हाताला माती लावली, तर तिचा चिखल झाला. पावडर लावली, तर उपरण्यावर पांढरे लगदे पडले आणि घेणारा म्हणाला, "लग्नाला आलाय का नवरदेव?" एकदा मी भाव सरळ तोंडानं सांगून टाकला. समोरच्यानं मामांकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो. मग मी म्हशी निवडायचो आणि हात मामा द्यायचे. काम चालत होतं. पण मामांचं वय वाढत होतं, आणि ज्याचा हात चालत नाही त्याचा धंदा दुसऱ्याच्या हातानं किती दिवस चालणार?

ही गोष्ट अशीच रेटत राहिली असती, पण एक दिवस पिकअपमधून म्हैस उतरवताना कासरा माझ्या हातातून निसटला. दोर नायलॉनचा, हात ओले. तिनं मानेला एक हिसका दिला आणि कासरा तळव्यातून साबणासारखा सरकला. ती थेट चहाच्या टपरीवर गेली. बाकडं उलटलं, दुधाचं पातेलं आडवं झालं, माणसं मिळेल तिकडं पळाली. कुणाला लागलं नाही हे नशीब. पुढं जाऊन ती एका ट्रॅक्टरमागं आपली आपण उभी राहिली, रवंथ करत, जणू काही झालंच नव्हतं. माझ्या उजव्या तळव्याचं मात्र कातडं दोरानं सोललं होतं.

संध्याकाळी बायकोनं जखमेवर मलम लावलं. लग्नाला आमच्या तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "अहो, याला डॉक्टर असतो ना?"

"कशाला? सोललंय नुसतं."

"सोलल्याला नाही, घामाला."

"घामाला कसला डॉक्टर? तो काय आजार आहे?"

"आजार नाही तर म्हैस टपरीवर कशी गेली?" असं म्हणून तिनं नगरच्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मिळवला आणि वेळही घेतली. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेतला तेव्हा मी सवयीनं तो मागं ओढला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुसला नाही. माझाही नाही, नंतर स्वतःचाही नाही. तळवा उलटसुलट करून पाहिला, थेंब पुन्हा कसे उभे राहतात ते पाहिलं. कधीपासून आहे, दोन्ही हातांना सारखाच येतो का, पायांना येतो का, घरात आणखी कुणाला आहे का, असं एकेक विचारत गेल्या. मला आठवलं, माझ्या आत्याचेही हात असेच असायचे. भाकरी थापताना तिला पाणी लावावं लागत नाही, अशी घरात थट्टा चालायची.

"झोपेत येतो का घाम?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "झोपेतलं मला काय माहीत?"

"नाही येत," बायको म्हणाली. "झोपेत अगदी कोरडे असतात. तेव्हाच धरायला मिळतात मला."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, त्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं. मी मात्र खिडकीबाहेर बघत बसलो. दिवसा मी तिचा हात धरत नाही हे मला ठाऊक होतं. तिच्याही ते ध्यानात आलं असेल, असा विचार मी कधी केला नव्हता.

मग डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. काहींच्या घामाच्या ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतात. लहानपणापासून, दोन्हीकडे सारखा, घरात आणखी कुणाला, आणि झोपेत बंद, म्हणजे हे तेच. घाबरल्यावर तो वाढू शकतो, पण घाम आला म्हणजे माणूस घाबरलेलाच असतो असं नाही. स्वभावाचा यात काही दोष नाही.

"हे मला लिहून द्याल का?" मी म्हणालो. "बाजारात दाखवायला लागेल."

तेव्हा मात्र त्या मोकळ्या हसल्या. खात्री करायला थायरॉईड आणि शुगर तपासून घेतली, दोन्ही ठीक निघालं. मग त्यांनी एक छोटी बाटली लिहून दिली. तोंडाशी फिरणारी गोळी असलेली, आत पाण्यासारखं द्रावण. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. घामाच्या छिद्रांच्या तोंडाशी ते बूच बसवतं, असं त्या म्हणाल्या.

"हे तुरटीसारखंच झालं की," मी म्हणालो. "तुरटी लावून बघितली होती आईनं."

"तुरटीच्या जातीचंच आहे. पण हे जास्त जोराचं, आणि लावायची रीत वेगळी. तुम्ही घाम वाहत असताना तुरटी चोळत होता. चारीला पाणी जोरात चालू असताना तुम्ही बाऱ्याचं तोंड बुजवायला जाता का?"

"माती वाहून जाते."

"मग? पाणी बंद असताना बुजवायचं. तुमचं पाणी झोपेत बंद असतं. म्हणून हे झोपताना लावायचं, एकदम कोरड्या हाताला, आणि सकाळी धुऊन टाकायचं. तळव्याची कातडी जाड असते, वेळ लागेल. पहिल्या दिवसांत काही वाटलं नाही म्हणून सोडू नका. आणि ही जखम भरेपर्यंत लावायचं नाही."

बाई शेतकऱ्याच्या घरच्या असणार, हे मी तिथंच ओळखलं.

जखम भरली. बाटली कपाटावर वाट बघत होती आणि मी बाटलीची. ज्या दिवशी लावायचं ठरलं त्या दिवशी जेवण झालं, हात धुतले, पुसले आणि लगेच ते द्रावण दोन्ही तळव्यांना चांगलं भरपूर फिरवलं. पुसले म्हणजे कोरडे झाले, असं मी धरून चाललो होतो. थोड्या वेळात तळव्यांना मुंग्या आल्या, मग खाज, मग मिरच्या कांडल्यावर होते तशी आग. मी उठून मोरीत हात धुतले आणि ओले हात वर धरून अंगणात फिरत राहिलो. सकाळी दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "दादा, कोरड्या हाताला सांगितलं होतं ना? पाण्यात मिसळलं की ते आग करतं. दोन दिवस थांबा, आग गेली की पातळ थर लावा, आणि खरंच कोरडे करून."

खरंच कोरडे करणं हीच माझी मुख्य पंचाईत होती. माझा हात पुसायला घेतला की त्याला नवा घाम फुटायचा. बायकोनं यावर उपाय काढला. हात आधीच धुऊन घ्यायचे, मग टेबलफॅन खाटेजवळ ठेवायचा, मी आडवं होऊन दोन्ही तळवे पंख्याकडे करायचे, आणि ती मला इकडचं तिकडचं बोलत ठेवणार. हाताकडे लक्ष गेलं की घाम येतो, हे तिनं माझ्या आधी हेरलं होतं. तिच्या लहानपणीच्या शाळेतल्या बाईंच्या गमती, तिच्या भावाचं कुठं जमतंय, शेजारच्यांची बोअर कशी फेल गेली, असं काहीबाही सांगत ती मधूनच बोटाच्या टोकानं तळवा चाचपायची. कोरडा लागला की बोलता बोलताच बाटली फिरवायची. पातळ थर, तोही सुकू द्यायचा, मग झोप. सकाळी उठल्या उठल्या धुवायचे.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मी रोज सकाळी तळवे बघायचो आणि थेंब आपले जागच्या जागी. "लावत राहा म्हणाल्यात," बायको म्हणायची. मी लावत राहिलो. मला कंटाळा आला नाही हे खरं. धंद्यानं एवढं शिकवलं होतं की गाभण म्हशीकडे रोज बघितल्यानं ती लवकर वीत नाही.

मग एका सकाळी गोठ्यात मी एका म्हशीच्या पोटावरून हात फिरवला आणि हाताकडे बघत उभा राहिलो. रोज हात फिरवला की तिचे काळे केस माझ्या तळव्याला चिकटायचे, ते पँटला पुसून काढायला लागायचे. त्या दिवशी हात रिकामा होता. मी पुन्हा फिरवला, पाठीवरून, मांडीवरून. एकदोन केस लागले तेही झटकल्यावर पडले. मी आत जाऊन बायकोला हात दाखवला. तिनं तो नीट दाबून पाहिला, गालाला लावून पाहिला, आणि म्हणाली, "भाकरी खाऊन घ्या, गार होतीय." पण वाढताना तिला हसू आवरत नव्हतं.

सगळंच सोन्यासारखं झालं, असं सांगणार नाही. पुढं हात जरा जास्तच कोरडे पडले, बोटांच्या पेरांना भेगा गेल्या. डॉक्टरबाईंनी रोजचं बंद करून आठवड्यातून दोनदा लावायला सांगितलं आणि सकाळी खोबरेल तेल. नोटा मोजताना आणि पेपरची पानं उलटताना आता मलाही इतरांसारखी जिभेला बोट लावायची वेळ आली, त्याची गंमत वाटली. पायांचा घाम अजून आहे. मेच्या उन्हात तळव्यांनाही थोडा दमटपणा येतो. पण तो चारचौघांसारखा.

मी मामांना म्हणालो, "या बाजाराला हात मी देणार." त्यांनी माझा तळवा धरला, अंगठ्यानं चोळून पाहिला, जसे ते जनावराचं कातडं चोळून बघतात. "दे," म्हणाले. एवढंच.

योग असा की त्या दिवशी तेच गंगापूरकडचे म्हातारे आले. आमच्याकडे एक मुऱ्हा म्हैस होती, तिसऱ्या वेताची, पायाशी रेडकू, शिंगं घट्ट वळलेली, कास मऊ. त्यांनी तिच्याभोवती सावकाश फेरी मारली, खाली बसून धार बघितली, दात बघितले. मग मामांकडे वळले. मामा तंबाखू मळत म्हणाले, "भाच्याशी बोला." आणि मुद्दाम दुसऱ्या दावणीकडे निघून गेले.

म्हाताऱ्यांनी उपरणं पसरलं. मी हात आत घातला.

त्यांनी बोटं धरली. मी वाट बघत होतो की आता काहीतरी बोलतील. ते काही बोलले नाहीत. सरळ भाव दाबला. माझ्या हातात कुणाला काही वेगळं वाटलं नाही, यासारखं सुख मला आजवर कुठल्या शाबासकीनं दिलं नाही. मी बोटं सोडवून माझा भाव दाबला. ते थोडे वर आले. मी थोडा खाली गेलो.

आणि तेव्हा मला त्यांचा हात कळला. तो थरथरत होता. बारीक, सतत, एखादं इंजिन लांबवर चालू असावं तसा. मागच्या वेळीही थरथरत असेल. मला समजलं नव्हतं, कारण तेव्हा माझं सगळं लक्ष माझ्याच घामाकडे होतं. बाजारात शिकवतात की समोरच्याचा हात कापला म्हणजे त्याला माल हवा आहे, आता दाबायचं, एक बोटही सोडायचं नाही. मामांनी मला हेच शिकवलं होतं.

पण हात खोटं बोलू शकतो, हे त्या बाजारात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा शांत होता, डोळे म्हशीवर होते. मी थरथर बाजूला ठेवली आणि म्हशीचाच विचार केला, ती किती दूध देईल, किती वर्षं देईल, तिची खरी किंमत काय. तेवढा भाव मी दाबला आणि तिथंच थांबलो. वर नाही, खाली नाही. त्यांनी दोनदा बोटं चाळवून पाहिली. मी हललो नाही. मग त्यांनी उपरणं ओढून घेतलं आणि उघड्यावर माझ्या तळव्यावर टाळी दिली.

"घेतली," ते म्हणाले. "वाजवी बोललास."

रेडकाला आणि म्हशीला त्यांच्या गाडीत चढवून झाल्यावर मी त्यांना चहाला नेलं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलला तरी थोडा चहा सांडलाच.

"वय झालं लेकरा," ते म्हणाले. "हात ऱ्हात न्हाई आता. बाजारात लोकं समजतेत म्हातारं हपापलंय. लई दाबतेत."

"बाबा, माझं तसंच व्हायचं. मला घाम यायचा. भीतीचा नव्हे, हाताचाच. औषध लावून गेला."

पेला खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना बहुधा आठवलं.

"म्हंजी त्या दिशी तू भ्याला नव्हतास?"

"नाही."

"आरं तिच्या!" ते मोठ्यानं हसले. "आन म्या तुला उगाच तानलं."

"मामांनी भरून काढलं की नंतर."

"त्येनं काढलं खरं. लई चिवट हाय तुजा मामा."

मी त्यांना म्हणालो की थरथरीलाही डॉक्टर असतो, वयाचं म्हणून सोडून देऊ नका, संभाजीनगरला कुणाला तरी दाखवा. मलाही आधी तो आजार वाटला नव्हता. ते म्हणाले, सुनेला सांगतो, तिला दवाखान्यातलं कळतं. जाताना त्यांनी म्हशीला कुठली पेंड घालता ते मला विचारून घेतलं, आणि धार काढणारा डाव्या बाजूला बसलेलाच तिला सोसतो हे मी त्यांना सांगितलं.

मामांनी संध्याकाळपर्यंत सौद्याबद्दल एक शब्द विचारला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "दाबला न्हाईस त्येला."

"गरज नव्हती. म्हैस तेवढ्याचीच होती."

"बरं केलंस," मामा म्हणाले. मग मान टेकवून डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एकट्यालाच काष्टीच्या बाजाराला पाठवलं. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. सकाळी लवकर पोहोचलो, सगळ्या दावणी पायाखाली घातल्या, चार लोकांशी बोललो, दोन म्हशी हेरल्या, दोन्ही वेळा उपरण्याखाली हात दिला आणि कुणी तो धोतराला पुसला नाही. दुपारी मामांना फोन केला.

"घेतल्या," मी म्हणालो.

"कशा हायत?"

"आल्यावर बघा," मी म्हणालो आणि गाडी भरायला गेलो.